‘आय लव्ह डॉग’ लिहिलं आणि घोळ झाला! इंग्रजीत ‘एस’ लावायचा की नाही, हे ठरतं कसं?

कॉलेजमधल्या एका मित्राने इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये लिहिलं होतं, ‘आय लव्ह डॉग’. सोबत कुत्र्याला मिठी मारलेला फोटो. खाली कुणीतरी कमेंट टाकली, ‘रस्सा की सुकं?’

त्यावर हसण्याच्या इमोजींची रांग लागली. लोक नेमके कशाला हसतायत, हे मित्राला कळेपर्यंत संध्याकाळ झाली. कळल्यावर त्याने बायो काढून टाकला. तेव्हापासून त्याला एक सवय लागली आहे. ऑफिसच्या ग्रुपवर इंग्रजीत काही टाकायचं असलं की आधी मला पाठवतो आणि विचारतो, ‘बघ ना, इथे एस लागतो का?’

हा मुलगा इंग्रजीत ढ नाही. काळ बरोबर असतात, स्पेलिंग बरोबर असतात, सिनेमे तो सबटायटलशिवाय बघतो. गाडी अडते ती एकाच अक्षरापाशी. आणि गंमत म्हणजे मराठी बोलणाऱ्या बहुतेकांची गाडी त्याच त्याच ठिकाणी अडते. म्हणजे हा निष्काळजीपणा नाही. आपण वाक्य मराठीच्या सवयीने उभं करतो आणि मराठीची सवय इथे वेगळी आहे.

मराठीत अनेकवचन लपून बसतं

‘रस्त्यात दगड पडलाय’ आणि ‘रस्त्यात दगड पडलेत’ ही दोन वाक्यं बघा. दगड एक असो वा दहा, शब्द ‘दगड’च. किती आहेत हे आपल्याला क्रियापद सांगतं. स्पर्धा परीक्षावाल्यांनी हे वाळंब्यांच्या व्याकरणात पाठ केलेलं असतं: ‘घोडा’चं ‘घोडे’ होतं, पण ज्या पुल्लिंगी नामांच्या शेवटी ‘आ’ नाही ती दोन्ही वचनांत तशीच राहतात. हात, कान, प्रश्न, लाडू, देव, मित्र, फोटो. रोजच्या बोलण्यातले किती शब्द यात बसतात ते मोजा.

त्यात ‘हातात’ आणि ‘हातांत’ यातला फरक एका टिंबाचा. लिहितानाही तो अनेकदा सुटतो आणि बोलताना तर बहुतेकांच्या तोंडून येतच नाही.

इंग्रजीला ही सवलत मान्य नाही. तिथे नाम उच्चारतानाच ठरवावं लागतं की आपण एका वस्तूबद्दल बोलतोय, अनेक वस्तूंबद्दल, की मोजता न येणाऱ्या एखाद्या पदार्थाबद्दल. हा तिसरा पर्याय आपण विसरतो आणि मित्राचा बायो नेमका तिथेच फसला.

कुत्रा, आंबा आणि कोंबडी

मराठीत आपण आवडनिवड एकवचनात सांगतो. ‘मला आंबा आवडतो.’ ‘कुत्रा इमानी प्राणी आहे.’ यात आंबा एक नसतो आणि कुत्राही एक नसतो. संपूर्ण जात डोळ्यांसमोर असते, पण शब्द एकवचनी.

इंग्रजीत संपूर्ण जातीबद्दल बोलायचं तर सहज बोलण्यातलं रूप अनेकवचन: ‘आय लव्ह डॉग्स’, ‘आय लाइक मँगोज’. मोजता येणारं नाम तुम्ही उघडंच ठेवलं, म्हणजे मागे ‘अ’ नाही, ‘द’ नाही, पुढे ‘एस’ नाही, तर ऐकणाऱ्याचा मेंदू त्याला वस्तू समजत नाही, पदार्थ समजतो. प्राण्याच्या बाबतीत पदार्थ म्हणजे काय? मांस. ‘आय लाइक चिकन’ म्हणजे ताटातली कोंबडी. ‘आय लाइक चिकन्स’ म्हणजे अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या. हॉटेलात चिकनला आपण कधीच ‘एस’ लावत नाही, म्हणजे हा नियम आपल्याला माहीत असतो. कुत्र्यापाशी आल्यावर विसरतो, एवढंच.

अंड्याचंही तसंच. ‘देअर इज ॲन एग ऑन द टेबल’ म्हणजे टेबलावर एक अंडं आहे. ‘देअर इज एग ऑन युवर शर्ट’ म्हणजे शर्टाला अंडं लागलंय, जाऊन धू.

आता कुणी म्हणेल, आइस्क्रीमच्या दुकानात तर आपण ‘आय लाइक मँगो’ म्हणतो. बरोबरच आहे. तिथे फळ नाही, स्वाद सांगायचा असतो आणि स्वाद कुणी मोजत नाही. म्हणजे ‘एस’ शब्दावर ठरत नाही, त्या क्षणी तुमच्या मनात काय आहे त्यावर ठरतो.

शाळेत घोकलेला गायीचा निबंध आठवतो का? ‘द काऊ इज अ डोमेस्टिक ॲनिमल.’ संपूर्ण जातीसाठी एकवचन वापरण्याचीही इंग्रजीत एक रीत आहे, पण त्यासाठी पुढे ‘द’ लागतो आणि वाक्याला निबंधाचा, विश्वकोशाचा वास येतो. गप्पा मारताना ‘काऊज’ बरं. आपण काय करतो, तर निबंधातला ‘द’ गाळतो आणि गप्पांमधला ‘एस’ही लावत नाही.

‘ॲडव्हाइसेस’ आणि ‘फर्निचर्स’

आता उलट बाजू. जिथे ‘एस’ नको तिथे तो लागतो ते शब्द ऑफिसच्या मेलमध्ये हमखास सापडतात: इन्फर्मेशन्स, ॲडव्हाइसेस, फर्निचर्स, इक्विपमेंट्स, फीडबॅक्स, लगेजेस, होमवर्क्स, एव्हिडन्सेस. प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या वापरात यातल्या एकालाही ‘एस’ चालत नाही.

पाठ करायला ही यादी कंटाळवाणी आहे, पण मराठीशी ताडून पाहिली तर अर्धी आपोआप सुटते. ‘माहित्या’ असं आपण म्हणतो का? नाही. ‘सामानं’? नाही. ‘गृहपाठ’ एकच असतो, कितीही विषयांचा असो. म्हणजे इन्फर्मेशन, लगेज आणि होमवर्क इथे मराठी आणि इंग्रजी एकाच बाजूला आहेत. मराठीवर भरवसा ठेवा.

भांडण होतं ते इतर शब्दांवर. आपण सल्ले देतो, पोलीस पुरावे गोळा करतात, आईचे दागिने असतात, सकाळी बातम्या लागतात, डोक्यावर केस असतात आणि खिशात पैसे नसतात. मराठीत ही सगळी अनेकवचनं. इंग्रजीत ॲडव्हाइस, एव्हिडन्स, ज्वेलरी, न्यूज, हेअर आणि मनी ही सगळी एकवचनं. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ ऐकू येतो, तरी ‘न्यूज इज’. काही शतकांपूर्वी इंग्रज माणसं स्वतः ‘दीज न्यूज’ असं अनेकवचनात म्हणायची. नंतर शब्द बदलला नाही, वागणूक बदलली.

केसांचं प्रकरण जरा मजेदार आहे. डोक्यावरचे सगळे मिळून ‘माय हेअर इज’. ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ ऐकलं की इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांना एकेक केस मोजणारा माणूस दिसतो. पण आमटीत केस सापडला तर तो ‘अ हेअर’ आणि दोन सापडले तर ‘टू हेअर्स’. वेटरशी भांडताना केस मोजता येतात.

मोजायचंच असेल तर इंग्रजी मध्ये एक माप घालते: ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘अ बार ऑफ सोप’. हे आपल्याला परकं नाही. आपणही साबणाची वडी म्हणतो, तांदळाचा दाणा म्हणतो, मिठाची चिमूट म्हणतो. पण दरवेळी ‘पीस ऑफ’ लावायला गेलात तर बोलणं ताठ होतं. ‘सम ॲडव्हाइस’ म्हटलं की काम होतं.

आणि हो, टपरीवर ‘दोन चहा’ सांगतो त्याचं इंग्रजी ‘टू टीज’ किंवा ‘टू कॉफीज’ अगदी सहज चालतं. चहा पातळ पदार्थ, मोजता येत नाही. पण कपात ओतला की कप मोजता येतात.

काही शब्दांत ‘एस’ लावला की अर्थच पालटतो. ‘आय हॅव मेनी वर्क्स टुडे’ असं लिहिणारे अनेक आहेत. ‘वर्क’ म्हणजे काम. ‘वर्क्स’ म्हणजे चित्रकाराच्या कलाकृती, नाहीतर बांधकामं. पीडब्ल्यूडीमधला ‘डब्ल्यू’ हा ‘वर्क्स’ आहे, पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. सीव्हीमध्ये ‘थ्री इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’ म्हणजे तीन वर्षांचा अनुभव. ‘एक्स्पीरियन्सेस’ म्हणजे आलेले बरेवाईट अनुभव, ते मुलाखतीत विचारल्यावर सांगावेत.

लेडीज, सॉक्स आणि वाटाणा

लोकलमध्ये ऐकलेलं वाक्य: ‘तिकडे एक लेडीज उभी आहे, तिला बसू दे.’ लेडीज अनेकवचन, पण आपण ते तसंच्या तसं उचललं आणि एकीला लावलं. ‘एक जेन्ट्स’ हे त्याचं भावंड. धुण्यातून ‘एक सॉक्स’ हरवतो, यूट्यूबवर ‘एक टिप्स’ मिळते, शाळेच्या मीटिंगला ‘एक पॅरेंट्स’ उशिरा येतात. मराठीत बोलताना याला चूक म्हणायचं कारण नाही, उसना शब्द आपल्या घरात आपल्या पद्धतीने राहतो. पण तोच शब्द इंग्रजी वाक्यात परत नेताना तो सॉक, टिप, पॅरेंट असा करून न्यावा लागतो.

इंग्रजांनी स्वतः हाच घोळ उलटा घातला आहे. मटाराला त्यांच्याकडे पूर्वी ‘पीज’ म्हणत आणि तो शब्द अनेकवचनी नव्हता. शेवटचा ‘झ’सारखा आवाज लोकांना अनेकवचनाचा वाटला, म्हणून सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी तो तोडला आणि ‘पी’ असा नवा एकवचनी शब्द तयार झाला. आज तोच प्रमाण आहे. ‘चेरी’चा जन्मही असाच, फ्रेंच शब्दाचा शेवट अनेकवचनाचा समजून तोडल्याने झाला.

दहाची नोट

‘दहा रुपयांची नोट’ यात रुपये अनेक. म्हणून आपण ‘टेन रुपीज नोट’ म्हणतो. इंग्रजीत ती ‘टेन-रुपी नोट’. शंभराच्या नोटेवर ‘वन हंड्रेड रुपीज’ छापलेलं असतं, कारण तिथे रक्कम सांगितली आहे. पण त्या कागदाला हाक मारताना तो ‘हंड्रेड-रुपी नोट’ होतो. एखादं नाम दुसऱ्या नामाच्या पुढे विशेषणासारखं उभं राहिलं की सहसा आपला ‘एस’ काढून ठेवतं. देवळाबाहेर चप्पल काढावी तसं.

हा नियम नवा वाटत असेल तर थांबा, तो तुम्ही वर्षानुवर्षं पाळताय. फाइव्ह-स्टार हॉटेलला कुणी ‘फाइव्ह-स्टार्स हॉटेल’ म्हणत नाही. टू-व्हीलर, थ्री-पिन प्लग, मुंबई-पुण्याचा सिक्स-लेन एक्सप्रेसवे. दात बत्तीस असले तरी टूथब्रश. मग ‘फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’ लिहिताना ‘इयर्स’ कुठून येतं? ते येतं ‘शी इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ या वाक्यातून. तिथे ‘एस’ हवाच, कारण पुढे नाम नाही.

अपवाद आहेतच: स्पोर्ट्स डे, सेव्हिंग्ज अकाउंट. बँकेत आपण सगळे ‘सेव्हिंग अकाउंट’ म्हणतो ते सोडा.

पाच जणांचा जीव

बातमीदारीत हा मुद्दा मला सगळ्यात जास्त भेटतो. मराठीत आपण लिहितो, ‘अपघातात पाच जणांनी जीव गमावला.’ जीव एकवचन. प्रत्येकाचा एकच, म्हणून मराठीला यात काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘फाइव्ह पीपल लॉस्ट देअर लाइव्ह्ज’. माणसं अनेक आणि प्रत्येकाची वस्तू वेगळी, मग वस्तूही अनेकवचनात जाते. लोकांचं मत बदललं: ‘पीपल चेंज्ड देअर माइंड्स’. सगळ्यांनी मोबाइल बंद करा: ‘स्विच ऑफ युवर फोन्स’.

इथे चुकलं तर काय होतं? ‘द ब्रदर्स केम विथ देअर वाइफ’ असं एका लग्नाच्या फोटोखाली कुणी लिहिलं तर व्याकरणात दोष काढता येत नाही. फक्त ते कुटुंब पांडवांचं आहे असा अर्थ होतो. बाकी सगळ्यांसाठी ‘वाइव्ह्ज’.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ हा त्याचाच चुलतभाऊ. आपल्या डोक्यात असतं ‘माझा एक मित्र’, मित्र एकच, म्हणून ‘एस’ नाही. पण ‘वन ऑफ’चा अर्थ ‘पैकी एक’ असा आहे. एकापैकी एक कसा निवडणार? ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नाशिक’: गट अनेकवचनी, क्रियापद त्या एकाचं. आणि खरं तर ‘माझा एक मित्र’ला सगळ्यात जवळचं इंग्रजी आहे ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. त्यात हा प्रश्नच येत नाही.

मीटिंगच्या शेवटी ‘एनी क्वेश्चन?’ हेही तसंच. ‘प्रश्न’ मराठीत दोन्ही वचनांत सारखा, म्हणून आपण एकवचनावर थांबतो. किती प्रश्न येतील हे माहीत नसताना इंग्रजी अनेकवचनात विचारते, ‘एनी क्वेश्चन्स?’

दीड वाजला, अडीच वाजले

आकड्यांजवळ दोन्ही भाषांचं गणित वेगळं आहे. मराठीत दीड एकवचनात राहतो: दीड वाजला, दीड रुपया. अडीचपासून अनेकवचन: अडीच वाजले. इंग्रजीत एकाच्या वर जरा जरी सरकलं की अनेकवचन, म्हणून दीड तास म्हणजे ‘वन अँड अ हाफ अवर्स’. शून्यालाही अनेकवचनच: ‘झीरो मार्क्स’, ‘झीरो मिस्टेक्स’.

पैशांची रक्कम, अंतर, वेळ हे एक गाठोडं समजलं तर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी असा जोडा जमतो: ‘टू थाउजंड रुपीज इज टू मच’. क्रिकेटमध्ये याच्या उलट दिसतं. कॉमेंटेटर म्हणतात, ‘इंडिया आर १२० फॉर ३’. ती चूक नाही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत संघ म्हणजे अकरा माणसं, म्हणून ‘आर’. तोच देश बातम्यांत करार करतो तेव्हा ‘इंडिया इज’. अमेरिकी इंग्रजीत बहुतेकदा दोन्हीकडे ‘इज’ दिसेल.

आदरार्थी अनेकवचन तेवढं इंग्रजीत नाही. ‘बाबा आले’ म्हणतो म्हणून ‘फादर हॅव कम’ होत नाही. पण ‘यू आर’कडे बघा. समोर एकच माणूस, तरी ‘आर’. जुन्या इंग्रजीत एकाला ‘दाऊ’ म्हणत, ‘यू’ अनेकांसाठी होतं आणि पुढे ते आदराने एकालाही लावू लागले. आपल्या ‘तुम्ही’सारखंच. मग ‘दाऊ’ मागे पडलं आणि सगळेच ‘तुम्ही’ झाले.

एवढं मनावर घ्यायचं का?

कुठे लिहिताय त्यावर आहे. भारतातल्या ऑफिसात ‘इक्विपमेंट्स’ लिहिलं तर सगळ्यांना कळतं आणि काम होतं. यावरून कुणाची कमेंटमध्ये टर उडवणं मला तरी हलकटपणा वाटतो. कायद्यानेसुद्धा ‘एस’वर फार भिस्त ठेवलेली नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १३ सांगतं की, संदर्भ आड येत नसेल तर केंद्रीय कायद्यांतल्या एकवचनी शब्दात अनेकवचन धरावं आणि अनेकवचनी शब्दात एकवचन.

पण बाहेरच्या विद्यापीठाला पाठवायचं निवेदन, नोकरीचा अर्ज, आयल्ट्स यांना हे कलम लागू नाही. आयल्ट्सच्या लेखन चाचणीत गुण चार निकषांवर मिळतात आणि व्याकरण त्यातला एक पूर्ण निकष आहे. तिथे पाठवण्याआधी मजकूर एकदा फक्त नामांसाठी वाचा. प्रत्येक नामापाशी थांबून विचारा: एक, अनेक, की पदार्थ? मोजता येणारं नाम ‘अ’, ‘द’, ‘माय’ यातलं काहीही न घेता एकटं एकवचनात उभं असेल तर बहुतेक वेळा तिथेच काहीतरी राहिलंय.

परवा मित्राचं प्रमोशन झालं. ग्रुपवर टाकायचा मेसेज आधी माझ्याकडे आला: ‘थँक्स यू ऑल फॉर युवर विश.’ मी ‘थँक यू ऑल फॉर युवर विशेस’ करून परत पाठवला. लगेच फोन. पहिल्या शब्दाचा एस काढलास आणि शेवटच्याला लावलास, असं का? त्याला सांगितलं, ‘थँक यू’मधलं ‘थँक’ हे क्रियापद आहे, त्याला अनेकवचन नसतं. नुसतं ‘थँक्स’ लिहिलं असतंस तर ते नाम, आणि ते नेहमी एस घेऊनच येतं. शुभेच्छा चाळीस जणांनी दिल्या म्हणून ‘विशेस’. ‘युवर विश’ म्हणजे अल्लाउद्दीनच्या दिव्यातल्या राक्षसाने विचारलेली इच्छा.

मेसेज गेला. पहिलं उत्तर त्याच्या साहेबांचं आलं: ‘कॉन्ग्रॅच्युलेशन’. एस नव्हता.